प्रतिसाद: जुनी गिटार-पुस्तकं आणि ओपन ट्यूनिंग

गिटार शिकवणारी जुनी पुस्तकं म्हणजे फक्त सोर, कारुली, कारकासी या एकोणिसाव्या शतकातल्या गिटारवादकांची, आणि ओपन ट्यूनिंग (मोकळ्या तारा छेडल्या की पूर्ण कॉर्ड वाजेल अशी जुळणी) हा तारांवर नळी सरकवून वाजवणाऱ्या स्लाइडवाल्यांचा शोध, हे वरचं म्हणणं पटत नाही. लंडनमध्ये अनेक वर्षं गिटार शिकवलेल्या कॅथरिना प्रॅटन (निधन १८९५) यांनी ई मेजरमध्ये, म्हणजे ओपन ट्यूनिंगमध्येच, लावलेल्या गिटारीसाठी स्वतंत्र धडे छापले होते. इतकी मोठी शिक्षिका, आणि तिचं नाव कुणी घेत नाही!

ते धडे वाजवायचे तर पाचवी तार ए वरून बी, चौथी डी वरून ई, तिसरी जी वरून जी शार्प. पण एक स्वर चढवला की तारेचा ताण सव्वापट होतो; जुन्या वाद्याचा ब्रिज (तारा जिथे बांधतात तो लाकडी तुकडा) उचकटू शकतो. त्यापेक्षा उतरवून लावा: सहावी आणि पहिली डी, तिसरी एफ शार्प, दुसरी ए. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. स्वर तेच मिळतात.