मदत हवी आहे: मुलाखतींच्या कोडिंगला ‘कोहेनचा कापा’ हा आकडा द्यावा की नको?

तंत्रज्ञान आणि समाज या विषयातल्या पदव्युत्तर प्रबंधाचं पद्धतींचं प्रकरण अडलंय. चेहरा ओळखून हजेरी घेणाऱ्या ॲपच्या लॉग-नोंदी (ॲपने आपोआप टिपलेल्या) आणि ते वापरणाऱ्या २० कामगारांच्या मुलाखती, असा मालमसाला आहे. संगणकशास्त्राच्या सरांना दोघांनी स्वतंत्र कोडिंग करून, म्हणजे मुलाखतीतल्या उताऱ्यांना अर्थाची लेबलं (कोड) लावून, कोहेनचा कापा ०.७ च्या वर हवाय; दोघांचे कोड योगायोग वगळून किती जुळतात, ते हा आकडा सांगतो. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणतात, आकडा जुळवायला गेलं की कोड उथळ होतात. ‘चेहरा ओळखला नाही’ एवढंच उरतं, त्या दिवशीची बुडालेली मजुरी निसटते. मला मॅडमचं पटतं, पण परीक्षक दोन्हीकडचे असणार. कोडबुकातले (कोडांच्या व्याख्यांच्या यादीतले) बदल तारीखवार, कारणासकट परिशिष्टात दिले तर कापाशिवाय भागतं का? शिवाय संमतीपत्र फक्त मुलाखतीपुरतं आहे. लॉग त्याच माणसाशी जोडायचे तर नव्याने संमती आणि नैतिकता समितीची सुधारित परवानगी, दोन्ही आधी घ्यावं लागेल ना?