परदेशात राहून पाहणार आहोत : सरकारी नजर कशी ओळखायची? मदत हवी आहे (आइंडहोवन की सिंगापूर)

रानजाई

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या कंपनीने दोन पर्याय समोर ठेवलेत, आइंडहोवन (नेदरलँड्स) किंवा सिंगापूर. पावसाळ्याआधी उत्तर द्यायचंय. त्याआधी आम्ही दोघं आणि लेक (वय ९) दोन्हीकडे थोडे थोडे दिवस जाऊन राहणार आहोत. हॉटेलात नाही, भाड्याच्या घरात. भाजी आणायची, बसने हिंडायचं, शाळा बघायच्या, शेजारी बोलतात का ते बघायचं. पगार, घरभाडं, थंडी, वाणसामान यांवरचे इथले धागे वाचून काढलेत, तेव्हा कृपया कुणी तूरडाळीवर जाऊ नका. मिळते, कळलं.

मला विचारायचंय ते सरकारी पाळतीबद्दल.

थोडी पार्श्वभूमी देते, नाहीतर 'तुम्ही काय दहशतवादी आहात का' असं कुणीतरी विचारणारच. मी माहिती अधिकाराचं काम करते. नदीपात्रातले भराव, तोडलेली झाडं, असले विषय. मागे एका नगरपालिकेत अर्ज टाकला होता. तिथून उत्तर यायच्या आधी कंत्राटदाराचा फोन आला. माझा घरचा पत्ता त्याने मला वाचून दाखवला, पिनकोडासकट. आवाज अगदी गोड, 'ताई, तुम्ही आमच्याच की' वगैरे. धमकी अशी काही नव्हतीच. पण सरकारकडे दिलेली माहिती किती हात फिरते ते त्या दिवशी कळलं.

तर परदेशात थोडे दिवस राहून हे कसं जोखायचं? चौकातले कॅमेरे मोजता येतात, पण त्यावरून काय कळणार? तिथे राहणाऱ्यांना रोजच्या आयुष्यात सरकारची नजर कुठे जाणवते? मी लिहिते, अर्ज करते, कधी निदर्शनांना उभी राहते. हे परक्या देशात व्हिसावर असताना कितपत चालतं? आणि नोंदीत चुकीचं काही लिहिलं गेलं तर दुरुस्त कोण करतं? ऐकीव नको, अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

---

पेठकर

ताई, राग मानू नका, पण आधार, पॅन, फास्टॅग, भाडेकरूची पोलीस पडताळणी हे सगळं करून आपण पुण्यात राहतोच ना? मग नेदरलँड्सच्या सरकारनेच काय घोडं मारलंय? उलट युरोपात जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा आहे. आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये कायदा आला तो सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवूनच. तिकडे याहून वाईट काय असणार?

---

रानजाई

पेठकर, राग कसला. पण इथे मी नागरिक आहे. माझं मत आहे, वकील ओळखीचे आहेत, मराठीत भांडता येतं. तिकडे ज्या सरकारकडे माझी नोंद, त्याच सरकारच्या हातात माझा राहण्याचा परवाना. फरक तिथे पडतो असं मला वाटतं. चुकत असेन तर तिथे राहणाऱ्यांनी सांगावं.

---

डोमेलकाठचा

आइंडहोवनला येऊन बरीच वर्षं झाली, म्हणून लिहितो. लांबेल.

इथे चार महिन्यांहून जास्त राहायला येणाऱ्याने आल्यापासून पाच दिवसांत गेमेन्टेत, म्हणजे पालिकेत, नाव नोंदवायचं असतं. तिथे बीएसएन हा नंबर मिळतो. पगार, कर, आरोग्यविमा, डॉक्टर, शाळा, सगळं त्यावर चालतं. घर बदललं की पुन्हा पाच दिवसांच्या आत कळवायचं. कोणत्या पत्त्यावर कोण कोण राहतं हे करखात्याला आणि बाकीच्या कार्यालयांना याच नोंदवहीतून कळतं. (अवांतर : 'घर स्वस्त आहे पण नोंदणी करता येणार नाही' असं घरमालक म्हणाला तर तिथूनच नमस्कार करा.)

तुम्ही पाहुण्या म्हणून याल तेव्हा यातलं काहीच दिसणार नाही. दिसेल ते स्ट्राटुम्सआइंड, म्हणजे इथली पबची गल्ली. तिथे पालिकेने मागे कॅमेरे, आवाज टिपणारी यंत्रं आणि गर्दीचा मूड बघून बदलणारे दिवे लावून प्रयोग केले होते. बाहेरचे पत्रकार त्यावर भरभरून लिहितात. आम्हा राहणाऱ्यांची झोप त्याने उडत नाही.

झोप उडवणारं प्रकरण वेगळं आहे, आणि तुमची लेक लहान आहे म्हणून मुद्दाम सांगतो. इथे आईबाप दोघं काम करत असतील तर पाळणाघराच्या आणि शाळेनंतरच्या संगोपनाच्या खर्चासाठी सरकार भत्ता देतं. हा भत्ता देताना करखात्याने हजारो पालकांना लबाड ठरवलं. एखादी सही राहिली, एखादी पावती कमी पडली, की आजवरचा सगळा भत्ता परत भरा. रकमा हजारो युरोंच्या. लोकांची घरं गेली, संसार मोडले. पुढे उघड झालं की धोका ओळखणाऱ्या त्यांच्या संगणकीय पद्धतीत 'माणूस डच नागरिक आहे की नाही' हाही एक निकष होता. जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांच्या मंत्रिमंडळाने यावरून राजीनामा दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने करखात्याला २७.५ लाख युरोंचा दंड केला. फसवणुकीच्या संशयितांची एक वेगळी यादीही करखात्याकडे होती, जवळपास २ लाख ७० हजार माणसांची. आपलं नाव त्यात आहे हे बहुतेकांना ठाऊकही नव्हतं.

'सिरी' नावाची आणखी एक सरकारी प्रणाली होती. वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र करून कोण फसवत असेल याचा अंदाज बांधायची, आणि ती लावली गरीब वस्त्यांवर, त्यात आइंडहोवनही होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये द हेगच्या न्यायालयाने ती थांबवली. युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमात बसत नाही म्हणून.

यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या मते हा देश चूक करतो, पण ती चव्हाट्यावरही येते. कोर्टात जाणाऱ्यांत संस्था आणि कामगार संघटना होत्या, त्यांना कुणी देशद्रोही म्हटलं नाही. मात्र भरपाई मिळायला लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं, तेही विसरू नका.

तुमच्या कामाबद्दल : इथे माहिती अधिकारासारखा कायदा आहे, मे २०२२ पासून नव्या रूपात, 'वेट ओपन ओव्हरहाइड'. आपल्याकडचा २००५ चा कायदा फक्त नागरिकांना अधिकार देतो. इथे कुणीही मागू शकतं, व्हिसावरचा माणूससुद्धा. मुदत चार आठवडे, दोन आणखी वाढवून घेऊ शकतात. प्रत्यक्षात उशीर होतोच, त्या बाबतीत अगदी घरच्यासारखं वाटेल.

---

बेडोकवाली

सिंगापूरची बाजू मी मांडते. इथे जन्म गेला नसला तरी संसार इथेच झाला.

आधी चांगलं. रात्री अकराला मुलगी एकटी ट्रेनने घरी येते आणि माझा जीव टांगणीला लागत नाही. सरकारी काम म्हटलं की सिंगपास (सरकारी डिजिटल ओळखपत्राचं ॲप) उघडायचं, संपलं. कुणाच्या टेबलाशी उभं राहावं लागत नाही, चहापाणी नाही. रानजाई, तुमचा पत्ता कंत्राटदाराला वाचून दाखवणारा कारकून इथे भेटणं कठीण.

पण सरकार स्वतः सगळं बघतं आणि ते लपवतही नाही. आमच्या इमारतीत लिफ्टजवळ, जिन्यात, गाड्यांच्या तळावर पोलिसांचे कॅमेरे आहेत. देशभरात ते ९० हजारांच्या वर गेलेत आणि पुढच्या दशकात दोन लाखांच्या घरात न्यायचा विचार जाहीर झालाय. प्रीपेड सिम पासपोर्ट दाखवून, तीही तीनच. चांगी विमानतळावर चेहरा आणि डोळ्यांची बुबुळं टिपतात. खासगी कंपन्यांना माहिती-संरक्षणाचा कायदा लागू आहे, सरकारी खात्यांना तो लागू नाही. त्यांचे नियम वेगळे.

करोनाच्या वेळचं ट्रेसटुगेदर हे सरकारी ॲप आठवतं. २०२० मध्ये मंत्र्यांनी सांगितलं होतं की ही माहिती फक्त संसर्गाचा माग काढायला वापरली जाईल. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उत्तर आलं की फौजदारी तपासासाठी पोलीस ती घेऊ शकतात, आणि एका खुनाच्या तपासात घेतलीही होती. तोवर बहुतेक सगळ्यांनी ॲप किंवा टोकन घेतलेलं. लोक चिडले. मग फेब्रुवारीत कायदा करून गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरती मर्यादा घातली. माझी मलेशियन शेजारीण तेव्हा म्हणाली, 'निदान सांगितलं तरी.' मला ते पटलं नाही, पण इथल्या बऱ्याच जणांचं मत तेच.

आता तुमचा खरा प्रश्न. निदर्शनांना उभं राहणं विसरा. हाँग लिम पार्कातल्या स्पीकर्स कॉर्नरला नागरिकांना सभा घेता येते, कायम रहिवाशांना तीत भाग घेता येतो. तुम्ही परदेशी, तुम्हाला परवान्याशिवाय तिथल्या सभेत भागही घेता येत नाही. माहिती अधिकाराचा कायदा नाही. खोट्या मजकुराविरुद्धचा २०१९ चा कायदा आहे, त्यात मंत्री दुरुस्तीचा आदेश काढू शकतो. नवऱ्याच्या पासवर तुम्ही अवलंबित म्हणून आलात तर नोकरीसाठी मे २०२१ पासून स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. मी इथे सुखात आहे, खोटं कशाला बोलू? पण मी भरतकाम शिकवते. तुमचं काम इथे चालणार नाही.

---

टपालवाला

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. बघायला जाणं हीसुद्धा एक नोंदच. शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे देता ते युरोपच्या व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहतात. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर पासपोर्टावर शिक्का मारण्याऐवजी चेहरा टिपून कधी आलात, कधी गेलात ते संगणकात ठेवायला सुरुवात झाली आहे. ते साधारणपणे तीन वर्षं राहतं. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे लेकीच्या फोटोवर भागेल. १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशेब आता यंत्र ठेवतं, तेव्हा 'एखादा दिवस जास्त झाला तर काय होतंय' हे डोक्यातून काढा.

---

पेठकर

डोमेलकाठचा यांनी लिहिलेलं भत्त्याचं प्रकरण मला माहीत नव्हतं. घोडं मारलंय म्हणजे. शब्द मागे.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बेडोकवाली, तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत ते फार उपयोगी पडलं. नवरा सिंगापूरकडे झुकला होता, त्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिलाय. तो म्हणाला, 'तू जरा गप्प बसायला शीक की.' यावर घरात चर्चा चालू आहे.

डोमेलकाठचा, आता तुम्हालाच विचारते. तिकडे आल्यावर कॅमेऱ्यांऐवजी कागद बघायचे असं ठरवलंय. स्वतःबद्दल सरकारकडे काय लिहिलंय ते रहिवाशाला दिसतं का? कुणी बघितलं ते कळतं का? एस्टोनियात म्हणे नागरिकाला आपली माहिती कोणत्या खात्याने कधी उघडली याची यादी सरकारी संकेतस्थळावरच दिसते. तसं काही आहे का? आणि पत्रं डच भाषेत येतात, त्यांचं काय करता?

---

डोमेलकाठचा

एस्टोनियासारखं नाही. 'माइनओव्हरहाइड' या सरकारी संकेतस्थळावर आपला पत्ता, कुटुंब, घर, गाडी यांच्या नोंदी दिसतात. पालिकेकडे लेखी विनंती केली तर नोंदवहीतली तुमची माहिती कुणाकुणाला दिली तेही कळतं, काही अपवाद वगळून. बाकी खात्यांना जीडीपीआरखाली पत्र टाकायचं, 'माझ्याबद्दल काय आहे ते दाखवा'. एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. गुंतागुंत असेल तर मुदत वाढवतात. तुमच्या कंत्राटदारासारख्यांसाठी आणखी एक सोय आहे. पालिकेत गुप्ततेची विनंती नोंदवता येते, मग नोंदवहीतला पत्ता बऱ्याच खासगी संस्थांना देत नाहीत. पैसे पडत नाहीत. सरकारी खात्यांना मात्र तो दिसतोच.

पत्रांचं म्हणाल तर करखात्याचं पत्र निळ्या पाकिटात येतं. पहिली काही वर्षं फोनवर भाषांतर करून वाचत होतो आणि तरी दर वेळी ऑफिसातल्या डच मैत्रिणीला दाखवत होतो, कारण 'हरकत घ्यायला सहा आठवडे' ही ओळ हमखास शेवटच्या पानावर असते. संगोपन भत्ता घेणार असाल तर पाळणाघराचा करार, प्रत्येक बिल, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा, सगळं वर्षावार फाईलला लावा. उत्पन्न बदललं की लगेच कळवा. बायको मला याबाबतीत वेडा म्हणते, म्हणू दे.

याल तेव्हा घरी या. माझी सगळी पाकिटं आणि फाईल दाखवतो, नावं झाकून हवे तर फोटोही काढा. आणि पालिकेच्या काउंटरवर एकदा नुसतं जाऊन बसा. नवीन आलेल्यांशी, विशेषतः इंग्रजी न येणाऱ्यांशी, तिथली माणसं कशी बोलतात ते ऐका. मी तर शाळेच्याही आधी ते करेन.

---

बेडोकवाली

मेच्या सुट्टीत निघत असाल तर सिंगापूर आधी करा, मेअखेर इथल्या सरकारी शाळांना सुट्टी लागते आणि मग वर्ग बघायला मिळणार नाहीत. नवऱ्याला म्हणावं, गप्प बसायला शिकायचा क्लास मी घेत नाही.

---

रानजाई

:) सांगितलं. तिकिटं बघतोय. डोमेलकाठचा, व्यनि (खासगी निरोप) केलाय, सोयीचा शनिवार कळवा. लेकीला सायकल येते, पण उलट्या बाजूच्या रस्त्यावर कधी चालवलेली नाही. भाड्याने लहान मुलांची कुठे मिळेल तेही सांगा.