मदत हवी आहे: लिस्बनमध्ये मैत्रिणीबरोबर चार दिवस, चढ टाळून कसं फिरायचं?

अनघा_नाशिक
नमस्कार मंडळी, जरा लवकर उत्तरं द्या प्लीज. मी आणि माझी मैत्रीण, दोघीच, पोर्तुगालला, लिस्बनला चाललोय. विमानाची तिकिटं झाली, राहायचं बुकिंग झालं, आणि आता रोज रात्री व्हिडिओ बघत बसते तर प्रत्येकात कुणीतरी जिना चढतंय नाहीतर धापा टाकतंय. सात टेकड्यांचं शहर हे वाचलं होतं पण इतका चढ असेल असं वाटलं नव्हतं. मैत्रिणीला चालायचा थोडा त्रास आहे. किल्ला, अल्फामाचा जुना भाग, बेलें, एवढं तरी फार न चढता कसं बघायचं? रोज सगळीकडे टॅक्सी परवडणार नाही.

समीर७
सोप्पंय. २८ नंबरची ट्राम. मार्टिम मोनिझला बसायचं, ग्रासा, अल्फामा, बायशा, शियादो सगळं खिडकीतून बघत शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं. आम्ही तेच केलं, पाय अजिबात दुखले नाहीत. ती पिवळी ट्राम म्हणजेच लिस्बन.

पायवाट
मी उलट सांगेन की चालाच. लिस्बन चालूनच कळतं. चांगले ग्रिपवाले बूट घ्या, हळूहळू चढा, मध्ये कॉफी प्या. माझी आई ६४ वर्षांची आहे, सगळं चालली.

लिस्बनकर
मी इथे सहा वर्षं राहतोय म्हणून आधी चार प्रश्न. कधी येताय? राहायला कुठल्या भागात? कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का? आणि 'थोडा त्रास' म्हणजे नक्की काय? दम लागतो, पाय दुखतात की गुडघे? ह्या उत्तरांवर सगळा प्लॅन बदलतो.

प्रवासी_पक्षी
व्हिसा झाला का? शेंगेनची अपॉइंटमेंट वेळेत मिळत नाही, आधी ते बघा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. बँक स्टेटमेंटवर शिक्का घ्यायला विसरू नका.

अनघा_नाशिक
व्हिसा केव्हाच झालाय हो, तो प्रश्न नाहीये.
लिस्बनकर, ११ जूनला पोचतो, १५ ला रात्रीची फ्लाइट. राहायला अल्फामात एक छोटा फ्लॅट घेतलाय, फोटोत निळ्या टाइल्सची भिंत आणि नदी दिसत होती म्हणून. तिसरा मजला. लिफ्टचं तुम्ही विचारल्यावर बघितलं, तर खाली बारीक अक्षरात 'लिफ्ट नाही' लिहिलंय. मैत्रिणीचा डावा गुडघा बदललाय, सात महिने झाले. सपाटीवर छान चालते, चढतेही हळूहळू, पण उतरताना घाबरते. कठडा दोन्ही हातांनी धरून आडवी उतरते, एक पाय खाली ठेवायचा, थांबायचं, मग दुसरा.

रेवा_फिजिओ
ताई, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. सात महिन्यांत सपाटीवरचं चालणं बहुतेकांचं चांगलं होतं पण उतरण्याचा विश्वास उशिरा येतो, ते अगदी नॉर्मल आहे. आडवं उतरण्यापेक्षा समोर तोंड करून उतरायची सवय आतापासून लावा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी उजव्या हातात, म्हणजे गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला. तुमच्या सोसायटीच्या जिन्यावर रोज दहा मिनिटं करा, पण त्यांच्या सर्जनना एकदा विचारून. आणि पायवाट, तुमच्या आईंचं कौतुक आहे, पण त्यांचा गुडघा त्यांचा स्वतःचा आहे. सगळ्यांना एकच सल्ला देऊ नका.

पायवाट
मला तेव्हा ऑपरेशनचं माहीत नव्हतं, त्यांनी लिहिलंच नव्हतं. तरी माझं मत हेच की भीतीने घरात बसू नये.

लिस्बनकर
घरात बसा असं कुणीच म्हणत नाहीये. अनघाताई, मला तुमच्या तारखा बघून काळजी वाटली. १२ जूनची रात्र म्हणजे सांतो अँतोनियोची रात्र. हा संत लिस्बनमध्येच जन्मलेला, १३ ला शहराला सुट्टी असते. १२ च्या रात्री अल्फामाच्या गल्लीगल्लीत शेगड्या लावून सार्डिन भाजतात, पताका, गाणी, पहाटेपर्यंत इतकी गर्दी की मुंगी शिरणार नाही. गाड्या आत येत नाहीत. फार सुंदर असतं, मी दरवर्षी जातो. पण तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय, गुडघा बदललेली मैत्रीण, आणि दाराबाहेर धुराने भरलेली उतरती गल्ली? बुकिंग रद्द होत असेल तर आजच्या आज रद्द करा आणि बायशामध्ये घ्या. नदीपासून रोसिओ चौकापर्यंतचा तो भाग टेबलासारखा सपाट आहे. मेट्रो तिथेच, ट्राम तिथूनच.

मंदार_स्ट्रक्चरल
बायशा सपाट का आहे ते सांगतो, कारण हा माझा आवडता विषय. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप, मग त्सुनामी, मग कित्येक दिवस आग. खालचं शहर जवळजवळ संपलं. मार्केस द पोंबाल ह्या राजाच्या मंत्र्याने तिथे सरळ काटकोनातले रस्ते आखून नवं शहर बांधून घेतलं. भिंतींच्या आत लाकडी तिरप्या पट्ट्यांचा सांगाडा घातला, त्याला गायोला म्हणतात, म्हणजे पिंजरा. जमीन हलली की दगडकाम निखळलं तरी पिंजरा उभा राहावा ही कल्पना. नमुना बांधून त्याच्याभोवती सैनिकांना पावलं आपटायला लावून तपासला असं सांगतात. बायशात राहणार असाल तर इमारत त्याच काळातली आहे का मालकाला नक्की विचारा. आणि अल्फामा भूकंपात बराचसा वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्या वेड्यावाकड्याच आहेत.

समीर७
भूकंप राहू दे हो, त्यांना फिरायचंय. २८ नंबर ट्राम पकडा, विषय संपला.

लिस्बनकर
नाही संपला. २८ च्या गाड्या १९३० च्या दशकातल्या, पायरी उंच, आत जेमतेम वीस सीट. जूनमध्ये मार्टिम मोनिझला तासभर रांग, बसायला मिळालं नाही तर वळणावळणाला हिसके खात उभं राहायचं, आणि खिसेकापूंची सगळ्यात आवडती ट्राम तीच. गुडघ्याच्या पेशंटला मी त्यात बसवणार नाही.
किल्ल्याला जायची सोय वेगळीच आहे आणि ती फुकट आहे. बायशातल्या रुआ दोस फांकेइरोसवर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, ती वरच्या रुआ दा मादालेनावर सोडते. रस्ता ओलांडून थोडं चाललं की पिंगो दोस सुपरमार्केटची इमारत, तिच्यात दुसरी लिफ्ट. ती जवळजवळ किल्ल्याखाली नेऊन सोडते, मग उरतो छोटा चढ. तोही नको असेल तर फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापाशी जाते. आत तटावर चढायला जिने आहेत, ते सोडा, खालच्या गच्चीवरून सगळं शहर दिसतं.
शियादोला वर जायचं तर बायशा-शियादो मेट्रो स्टेशनच्या खालच्या दाराने आत शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा, तिकीट लागत नाही. कधी एखादा जिना बंद असतो, तेव्हा आधी बघून घ्या. ग्लोरियाचा रज्जुमार्ग (चढावर दोराने ओढली जाणारी ट्राम) मात्र धरू नका, ३ सप्टेंबर २०२५ च्या अपघातात १६ माणसं गेली, तेव्हापासून तो बंदच झाला.

दिगंबर_वसई
बेलेंला जाताय तिथे जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. आपल्या माणसांनी तिथे जाऊन फोटो काढावेत हे मला पटत नाही. ह्या पोर्तुगीजांनी वसईत काय केलं ते विसरून चालणार नाही. चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली, त्यांच्या चर्चच्या घंटा आजही आपल्या देवळांत आहेत, नाशिकची नारोशंकराची घंटा बघा, तुमच्याच गावची.

म्हापसेकर
दिगंबरराव, आमच्या घराण्याने गोव्यात त्यांची राजवट १९६१ पर्यंत बघितली, त्यामुळे राग काय तो आम्हालाही माहीत आहे. तरी मी त्या मठात गेलो. गामा कोचीत १५२४ ला मेला, आधी तिथेच पुरला, मग १५३९ ला पोर्तुगालला नेला आणि मठात १८८० ला आणून ठेवला. कबरीच्या दगडावर जहाज कोरलंय. मी तिथे उभा राहून विचार केला की ह्या एका माणसाच्या वाटेने आमच्या गावाचं काय काय झालं. ते बघायलाच हवं होतं मला. नमस्कार करायला कोण जातंय?
आणि अनघाताई, तिथे भाषा फार परकी वाटणार नाही. पावाला पाऊं, बटाट्याला बताता, चावीला शाव, काजूला काजू. कॅफेत समोसासुद्धा मिळतो, शामुसा म्हणतात.

दिगंबर_वसई
घमेलं पण त्यांचंच, गामेला. आणि पगार. हे मान्य.

प्रवासी_पक्षी
साबण पण ना? की अरबी?

लिस्बनकर
शब्दांचा वेगळा धागा काढा ना. ताई, बेलें पूर्ण सपाट आहे, नदीकाठाने. १५ नंबरची ट्राम नवी आणि खालच्या पायरीची, नाहीतर काइश दो सोद्रेहून ट्रेन, सात-आठ मिनिटं. फक्त १५ ला सोमवार आहे, मठ बंद असतो, म्हणून बेलें १४ ला करा. फूटपाथ सगळीकडे छोट्या पांढऱ्या चुनखडी दगडांचे, पॉलिश झाल्यासारखे. पाणी पडलं की काचेवर चालल्यासारखं वाटतं. रबरी तळव्याचे बूट, आणि काठीच्या टोकाला नवीन रबर. हॉटेलात जेवायला बसलात की न मागता पाव आणि ऑलिव्ह ठेवतात, खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर परत करा, कुणाला राग येत नाही.
आणि एक विचारतो, मैत्रिणीला स्वतःला काय बघायचंय? किल्ला, अल्फामा, बेलें ही तुमची यादी दिसते.

अनघा_नाशिक
तुम्ही हे विचारलंत म्हणून लिहिते, मी सांगायचं राहूनच गेलं. ती मूळची मडगावची. आम्ही पाचवीपासून एका बाकावरच्या, तिच्या बाबांची नोकरी नाशिकला होती. ते पणजीच्या लायसियममध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेले. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एक पोस्टकार्ड होतं, नदीच्या पाण्यात उभे दोन खांब आणि मागे लांब जहाज. ते म्हणायचे एकदा जाऊन तिथे पायरीवर बसणार. जमलं नाही. बाबा गेले तेव्हा काच उचलली तर कार्ड काचेला चिकटलं होतं, एक कोपरा फाटून काचेवरच राहिला. ते फाटकं कार्ड ती पर्समध्ये घेऊन येणार आहे. ती किल्ल्याबद्दल एकदाही बोलली नाही. मीच व्हिडिओ बघून यादी केली.

म्हापसेकर
काइश दास कोलुनास. दोन खांबांचा धक्का तोच.

लिस्बनकर
हो तेच. आणि ते बायशाच्या टोकाला, तेरेइरो दो पासो चौकाच्या समोर, नदीच्या पातळीवर. बायशात राहिलात तर एकही पायरी न चढता पायी पोचाल. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात उतरतात, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे अजिबात जाऊ नका. सगळ्यात वरच्या पायरीवर बसा, ती कोरडी असते. जूनमध्ये सूर्य नऊच्या पुढे मावळतो, आठ-साडेआठला जा. वारा सुटतो, शाल घ्या.

रेवा_फिजिओ
दगडी पायरी फार खाली असेल, उठताना गुडघा जास्त वाकवावा लागेल. छोटी उशी नाहीतर घडीची स्टुलं मिळतात ती न्या. आणि विमानतळावर मेटल डिटेक्टर वाजणार, ऑपरेशनचा कागद पर्समध्ये वर ठेवा.

समीर७
ठीक आहे, २८ मागे घेतो. पण १२ नंबरची ट्राम निदान एकदा, सकाळी लवकर, रिकामी असते तेव्हा. फिगेइरा चौकातून अल्फामाला छोटी चक्कर मारते. पोर्तास दो सोलला उतरलात तर नदीचा देखावा स्टॉपसमोरच आहे, चढ नाही.

लिस्बनकर
ह्याला माझं अनुमोदन. पण १२ आणि १३ ला नको, रस्ते बंद असतात. ११ ला संध्याकाळी पोचताय, म्हणजे १४ ला सकाळी आठला ट्राम आणि तिथून परत येऊन बेलें.

अनघा_नाशिक
अपडेट. अल्फामाचं बुकिंग रद्द केलं, एका रात्रीचे पैसे गेले, मालकाशी दोन दिवस वाद घातला पण नाही दिले. बायशात दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, लिफ्टचा फोटो मागवून घेतला, आत खुर्ची ठेवण्याइतकी जागा आहे. किल्ला यादीतून काढला. मैत्रिणीला काल हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली ११ ला सामान टाकून आधी खांबांपाशीच जायचं, जेवण नंतर. कालपासून सोसायटीच्या जिन्यावर रेवाताईंनी सांगितल्यासारखं उतरतेय, कठडा एकाच हाताने धरून.
सार्डिनचं विचारतेय ती, १२ ला बायशाजवळ कुठे मिळतील, गल्लीत न शिरता?

लिस्बनकर
से कॅथेड्रलच्या खाली, नदीच्या बाजूला, शेगड्या लागतात. संध्याकाळी सात वाजता, गर्दीच्या आधी. मी तसाही तिथेच असतो, यायच्या आधी इथे मेसेज टाका, बसायला दोन खुर्च्या धरून ठेवतो.