शेवट ठरलेली कादंबरी आणि शेवट नसलेला खेळ : दोन्हींना 'पलायन' म्हणावे का?

वाचनखूण

प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्यांना आणि ऑनलाइन फँटसी खेळ खेळणाऱ्यांना एकाच शब्दाने झोडपले जाते, तो म्हणजे 'पलायनवाद'. मी दोन्हींची जुनी गिऱ्हाईक असल्यामुळे तो मला दोन्हीकडून ऐकावा लागतो आणि आता त्याचा रागही येत नाही, नुसता कंटाळा येतो. ज्याने या दोहोंपैकी एकही गोष्ट जवळून पाहिलेली नाही, तोच सहसा हा शब्द वापरतो. माझे मत असे आहे की या दोन करमणुकींची जातच वेगळी आहे आणि त्यांपैकी प्रेमकादंबरी आपल्या गिऱ्हाइकाशी अधिक सचोटीने वागते.

अमेरिकेतील प्रेमकादंबरीकारांच्या संघटनेने या प्रकारासाठी दोनच अटी सांगितल्या होत्या : प्रेमकथा केंद्रस्थानी असावी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायी असावा. म्हणजे शेवट काय होणार हे पहिले पान उघडण्याआधीच ठरलेले असते. अमेरिकन अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी नियमित प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही स्त्रिया पुस्तक हाती घेतल्यावर आधी शेवटची पाने चाळून, सगळे सुरळीत होते आहे याची खात्री करून घेत असत. 'मग वाचायचे तरी काय?' असे विचारणाऱ्याला या प्रकाराची गोडीच कळलेली नाही. पाऊण पुस्तक संपत आले की नायक-नायिकेत दुरावा येणार, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असते. कच्च्या लेखकाच्या हातात तो दुरावा एका फोनने मिटेल अशा गैरसमजावर उभा असतो, तर जाणता लेखक तो त्या दोघांच्या स्वभावातूनच काढतो. पहिल्या प्रकरणात ज्या ताठ मानेमुळे ती त्याला आवडली, तीच ताठ मान आता तिला वाकवता येत नाही, आणि हे वाचताना शेवट माहीत असूनही जीव टांगणीला लागतो. मिल्स अँड बून या प्रेमकादंबऱ्यांच्या ब्रिटिश प्रकाशन संस्थेच्या एका लोकप्रिय मालिकेतील कादंबरी सुमारे ५०,००० शब्दांची असते. ती संपते, पुस्तक मिटते आणि वाचक मोकळा होतो.

खेळाचे तसे नाही. दर महिन्याला वर्गणी घेणाऱ्या खेळाचा धंदाच न संपण्यावर चालतो. रोजच्या कामगिऱ्या रोज नव्याने उगवतात आणि मोठ्या रेडमधील, म्हणजे अनेक खेळाडूंनी मिळून बलाढ्य शत्रूंवर केलेल्या चढाईतील, लूट आठवड्यातून एकदाच मिळते, म्हणून आठवडा बुडाला की तो बुडालाच. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा पहिला विस्तार २००७ मध्ये आला, तेव्हा महिनोन्महिने खपून मिळवलेली पुष्कळ खेळाडूंची जांभळी, म्हणजे वरच्या दर्जाची, चिलखते नव्या प्रदेशातील साध्या कामगिऱ्यांत मिळणाऱ्या हिरव्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या, वस्तूंपुढे निकामी ठरू लागली. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये तर खेळाडूने मोठ्या हौसेने घेतलेल्या घरात ४५ दिवस पाऊल टाकले नाही, तर ते घर पाडले जाते. पुस्तक कपाटात वर्षभर पडून राहिले म्हणून त्याची पाने कोणी फाडत नाही.

ढालकरी

मला हे मुळीच पटलेले नाही. ज्या गोष्टीत हरण्याची शक्यताच नाही, तिच्या 'सचोटी'चे कौतुक कशासाठी करायचे? शेवट आधीच लिहून दिलेला असेल, तर वाचकाला पणाला काहीही लावावे लागत नाही आणि नायिकेने चुकीचा निर्णय घेतला तरी लेखक तिला सावरून घेणार, हे तिच्याआधी वाचकालाच ठाऊक असते.

रेडमध्ये असे कोणी सावरत नाही. मी टँक म्हणून खेळते, म्हणजे बॉसचा, रेडमधील त्या बलाढ्य शत्रूचा, सगळा रोख माझ्यावर ओढून घेणे आणि तो इतरांकडे वळू न देणे हे माझे काम असते. आमच्या गिल्डमधील, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्या आमच्या गटातील, हीलर, म्हणजे इतरांच्या जखमा भरणारी खेळाडू, त्या अवाढव्य ड्रॅगनकडे कधी नीट पाहतसुद्धा नाही. तिची नजर पडद्याच्या एका कोपऱ्यात मांडलेल्या, प्रत्येक खेळाडूचा उरलेला जीव दाखवणाऱ्या पंचवीस हिरव्या पट्ट्यांवर असते, कुठली पट्टी खाली घसरते आहे आणि कोणाला आणखी दोन सेकंद थांबवता येईल, हाच हिशेब तिच्या डोक्यात चाललेला असतो. बॉसचा जीव दोन टक्क्यांवर आलेला असताना एका खेळाडूचा पाय चुकीच्या जागी पडतो, सगळे मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्या क्षणी त्याला कोण कसे बोलते, यावरून माणसे कळतात. ज्याला तुम्ही सक्ती म्हणता, त्याला मी बांधिलकी म्हणते, कारण मी आले नाही तर चोवीस जण खोळंबतात आणि हे चोवीस जण कोणा लेखकाने कल्पिलेले नाहीत.

या जगांचे मर्म पहिल्यापासून हेच आहे. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात पहिला मड, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा, केवळ मजकुरावर चालणारा खेळ रचायला घेतला. बार्टल यांनीच पुढे १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले : काही मिळवण्यासाठी येणारे, धुंडाळण्यासाठी येणारे, गप्पांसाठी येणारे आणि दुसऱ्यांना छळण्यासाठी येणारे. या चौघांना एका नगरात सोडून दिल्यावर काय होते, हे सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये दिसले. हक्कार नावाच्या बॉसचा संसर्गजन्य शाप त्याच्या मंदिरापुरता राहावा अशी रचना होती, पण शिकारी खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांमार्फत तो शहरांत पोहोचला आणि खालच्या लेव्हलचे खेळाडू काही क्षणांत मरून पडू लागले. त्या वेळी काहींनी अनोळखी लोकांना बरे करण्यासाठी धाव घेतली, काही गावाबाहेर पळाले, काही निव्वळ कुतूहलाने बघायला आले, तर काहींनी मुद्दाम गर्दीत जाऊन तो पसरवला. अखेर कंपनीला सर्व्हर मूळपदावर आणावे लागले. साथींच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस या नियतकालिकात या प्रसंगावर लेख लिहिला, कारण साथीत माणसे कशी वागतात याचा तो नमुना होता. एखाद्या प्रेमकादंबरीतून असे काही निघाले असेल तर मला वाचायला आवडेल.

त्या पाडल्या जाणाऱ्या घराविषयीही सांगते. फायनल फँटसीत जमिनीचे तुकडे मोजके आहेत. सोडून गेलेल्यांची घरे कायम ठेवली, तर नव्या माणसाला कधीच जागा मिळणार नाही. हा नियम क्रूर वाटतो, पण तो इतरांच्या सोयीसाठी आहे. शिवाय त्या खेळाचे निर्माते नाओकी योशिदा स्वतःच जाहीरपणे सांगत आले आहेत की खेळण्यासारखे नवे काही नसेल तेव्हा दुसरे खेळ खेळा आणि नवा भाग आला की परत या.

निवांत

वाचनखूण यांना एकच प्रश्न विचारतो. पुस्तक मिटले आणि वाचक मोकळा झाला, असे तुम्ही म्हणता, मग पहिले संपताच दुसरे का उघडले जाते? मिल्स अँड बून ही १९०८ मध्ये सर्व प्रकारची पुस्तके काढण्यासाठी निघालेली संस्था होती. १९३० च्या दशकात ती प्रेमकादंबऱ्यांकडे वळली, ती याच सवयीचे मोल ओळखून. दर महिन्याला ठरावीक मालिकेतील ठरावीक पुस्तके येणार आणि ती पुढच्या महिन्यात नव्यांसाठी जागा करून देणार, ही व्यवस्था तुमच्या 'रोज उगवणाऱ्या कामगिऱ्यां'पेक्षा वेगळी कशी? एका कादंबरीला शेवट असेल, पण प्रकाशकाच्या यादीला नसतो.

तिरकस

दोन्ही पक्ष शेवटाभोवती फेर धरून बसले आहेत, त्यामुळे मजकुराकडे कोणी पाहत नाही. माझी तक्रार तिथे आहे.

सुखान्ताची हमी निरुपद्रवी नाही. शेवट गोड होणारच असेल, तर वाटेत जे जे घडले त्याला आपोआप माफी मिळते. १७४० मध्ये इंग्लंडमध्ये गाजलेल्या सॅम्युअल रिचर्डसन यांच्या 'पामेला'मध्ये मालक आपल्या तरुण मोलकरणीच्या मागे लागतो, तिला कोंडून ठेवतो आणि शेवटी तिच्याशी लग्न करतो. हे लग्न तिच्या सद्गुणांचे बक्षीस म्हणून वाचकांपुढे ठेवलेले आहे. १९७२ मध्ये अमेरिकेत अफाट खपलेल्या एका ऐतिहासिक प्रेमकादंबरीत नायक प्रारंभीच नायिकेवर बळजबरी करतो आणि पुढे तोच तिचा प्राणप्रिय पती ठरतो. त्या यशाच्या मागोमाग तशा कादंबऱ्यांचे पीक आले. या दोन पुस्तकांत सव्वादोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि सांगाडा तोच आहे. 'शेवटी सगळे सुरळीत होते' ही खात्री वाचकाला मिळत असेल, तर ती कशाच्या बदल्यात मिळते, हे विचारायला हवे.

खेळांविषयीही मला फारसे प्रेम नाही. कल्पनेला मोकळे रान असताना इतक्या जगांत करण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे मारणे आणि मेलेल्याचे खिसे तपासणे हीच असावी, हे कल्पनेचे दारिद्र्य आहे. त्यात लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल हे न सांगता पैसे घेऊन विकलेली पेटी, अनेक खेळांत आली. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले, ते योग्यच झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळावरील ताबा सुटण्याच्या विकाराची नोंद आहे. वाचनाच्या विकाराची तशी नोंद नाही, हेही ढालकरी यांनी लक्षात घ्यावे.

वाचनखूण

निवांत यांचा प्रश्न रास्त आहे. मात्र पहिले पुस्तक संपताच मी दुसरे उघडते, तेव्हा न उघडण्याची मला कोणतीही शिक्षा नसते. वर्षभराने परतले तरी माझे वाचन 'मागे पडलेले' नसते आणि मधल्या काळात इतर वाचक माझ्यापुढे गेल्यामुळे मला कोणत्या कादंबरीत प्रवेश नाकारला जात नाही. प्रकाशक मला बोलावतो हे खरे, पण तो मला दंड करत नाही. माझा सारा आक्षेप या दंडावर आहे.

तिरकस यांनी दिलेली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण १९७२ च्या पुढची गोष्ट त्यांनी सोडून दिली. बळजबरी करणारा नायक या प्रकारातून मागे हटत गेला, तो वाचक आणि लेखिकांनी आपसात भांडभांडून त्याला हाकलला म्हणून. आज संमती न विचारणारा नायक लिहिणाऱ्या लेखिकेला तिच्याच वाचकांपुढे उत्तर द्यावे लागते. सुखान्ताच्या हमीची दुसरी बाजूही पाहावी. नायिका वैधव्यातून, गर्भपाताच्या दुःखातून किंवा मारहाण करणाऱ्या पहिल्या नवऱ्याच्या घरातून बाहेर पडते आहे, असा जड विषय वाचायला जी वाचक एरवी धजली नसती, ती इथे वाचते, कारण लेखिका आपल्याला त्या अंधारात सोडून जाणार नाही, याची तिला शाश्वती असते. 'पणाला काही नाही' या ढालकरी यांच्या आक्षेपालाही माझे हेच उत्तर आहे.

साथीचा प्रसंग मात्र मला आवडला. अनोळखी माणसाला बरे करायला कोणी धावले, यात खेळाचा मोठेपणा आहे, हे मी नाकारत नाही.

ढालकरी

तिरकस यांना थोडक्यात सांगते की त्या वर्गीकरणातील व्याख्या फार कडक आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हे साधारणपणे बारा महिने चाललेले असेल, तरच ते निदान करायचे असते. आठवड्यातून दोन रात्री रेडला बसणाऱ्यांना त्यात कोंबू नये. लूट बॉक्सविषयी मी तुमच्याच बाजूची आहे.

आता दंडाविषयी. वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात सलग फार वेळ खेळणाऱ्याला पुढे पुढे निम्माच अनुभव, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, मिळेल, अशी योजना होती. त्यावर खेळाडू चिडले, तेव्हा निर्मात्यांनी तोच नियम उलटा मांडला : जो आपल्या पात्राला खेळातल्या एखाद्या धर्मशाळेत मुक्कामाला ठेवून खेळ बंद करतो, त्याच्या खाती विश्रांती जमा होते आणि परतल्यावर राक्षस मारल्याचा दुप्पट अनुभव मिळतो. म्हणजे न खेळण्याबद्दल बक्षीस देणारा खेळही असू शकतो, आणि ते २००४ मध्ये खेळ बाजारात आला तेव्हापासून आहे. आमच्या गिल्डचा नियमही ऐका. ठरलेल्या वेळेला बॉस एक टक्क्यावर असला तरी आम्ही थांबतो आणि गैरहजर राहिलेल्याला कारण विचारत नाही.

वाचनखूण

तुमच्या गिल्डमध्ये यायला मला आवडेल, पण तो नियम तुम्ही केलेला आहे, खेळाने नाही. उलट, लूट आठवड्यातून एकदाच देणारी व्यवस्था तुम्हाला त्या एक टक्क्यावर थांबू नका, असेच सांगत असते. धर्मशाळेतल्या विश्रांतीचे म्हणाल, तर ती सवलत लेव्हल वाढत असेपर्यंतच उपयोगी असते. सर्वांत वरची लेव्हल गाठली की अनुभवाच्या गुणांना काही अर्थच उरत नाही, त्यामुळे साठवलेली विश्रांतीही वाया जाते, आणि आठवड्याच्या रेडची शर्यत नेमकी तिथूनच सुरू होते. चुकलेल्या आठवड्याची लूट पुढच्या आठवड्यात साठवून देणारी रेड कोणी काढली, तर या धाग्यातले माझे निम्मे म्हणणे मी मागे घेईन.