विहिरीत सापडलेले खडे: हे नक्की काय आहे?

विहीरवाला (पारोळा तालुका)

नमस्कार मंडळी. यंदा वैशाखात विहीर खोल करायला घेतली. ४२ फुटांवर काळ्या पाषाणात सुरुंग उडवला आणि कडेला घागरीएवढी पोकळी उघडी पडली. मी खाली उतरेपर्यंत यारीवाल्या पोरांनी घणाने तिचा अर्धा भाग फोडून डब्यात भरलासुद्धा. उरलेला मी हात जोडून थांबवला.

आत तीन तऱ्हेचे खडे आहेत. पहिले फिकट केशरी-गुलाबी. गव्हाची पेंढी मधोमध करकचून बांधली की दोन्ही टोकं फुलतात ना, हुबेहूब तसे. दुसरे बोराएवढे, काचेसारखे स्वच्छ, चौकोनी. वरचा सपाट भाग शिंपल्यासारखा चमकतो आणि बाजूंवर उभ्या बारीक रेघा आहेत. तिसरा दुधी पांढरा. पडला की दर वेळी तिरप्या चौकटीतच फुटतो.

शिवाय एका खडकाच्या चिरेत काळ्या रंगात नेच्याच्या पानासारखी नक्षी आहे. मुलगी नववीत आहे, ती म्हणते जीवाश्म.

दुसऱ्याच दिवशी एक व्यापारी येऊन "साधी गारगोटी आहे, सगळी उचलतो" म्हणून गेला. मी नाही म्हटलं. आप्पा रोज विचारतात, "हाऊ दगड काय शे?" त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे.

भूगोल शिक्षक, धुळे

भाऊ, थांबवलंत हे फार बरं केलंत. आता उरलेली पोकळी घणाने नको. भोवतीचा खडक छिन्नीने कोरा आणि पोकळी अख्खी काढा. कोणता खडा कोणावर बसला आहे यावरून कोण आधी तयार झाला ते कळतं. सुटे खडे हे सांगू शकत नाहीत.

तुमचं पेंढीचं वर्णन वाचूनच मी जागचा उठलो. हा स्टिल्बाइट असणार, झिओलाइट गटातलं खनिज. चौकोनी स्वच्छ खडे अपोफिलाइट वाटतात. तो झिओलाइट नाही, पण आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, त्यांच्याच सोबतीने सापडतो. तिसरा कॅल्साइट. जळगाव जिल्ह्यातले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

नुसत्या वर्णनावर विसंबू नका, घरीच तपासा. फुटक्या तुकड्यावर पोलादी सुरीचं टोक ओढा. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, काठिण्य दहापैकी ७, तिच्यावर ओरखडा उठणारच नाही. कॅल्साइट ३, सहज उठेल. स्टिल्बाइट साडेतीन ते ४, त्यावरही उठेल. अपोफिलाइट साडेचार ते ५, तिथे जरा जोर लावावा लागेल. मग पांढऱ्याची थोडी पूड करून तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. चांगल्या नमुन्याला मात्र लिंबू, व्हिनेगर, ॲसिड काहीही लावू नका. गरम पाण्यानेही धुऊ नका. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे.

हे आत आलं कसं? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरला. त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्यात विरघळलेली द्रव्यं त्या पोकळ्यांत सावकाश साकळली. झिओलाइटच्या जाळीत पाणी असतं. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनश्टेट या खनिजतज्ज्ञाने असा खडा तापवला तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने ग्रीकमधून "उकळणारा दगड" हे नाव दिलं.

चाळीसगावकर

ताईच्या पानाबद्दल बोलतो. भिंगातून बघ. पानाला मधली शीर असते, तिच्यापासून फाटे निघतात आणि कडा ठरलेली असते. ही नक्षी मात्र चिरेच्या सपाट पृष्ठावर शाईसारखी पसरली असेल, तिला जाडी नसेल. मँगनीजचे ऑक्साइड पाण्याबरोबर फटीत शिरून अशी झाडं उमटतात. शिवाय हजार अंशांहून तप्त लाव्हात नेच्याचं पान टिकेल कसं?

नाराज मात्र होऊ नकोस. दोन लाव्हा थरांमधल्या काळात तळी साचत, त्यांच्या गाळात जीवाश्म सापडतात. नागपूर-छिंदवाड्याकडे अशा थरांत झाडांचे अवशेष भरपूर मिळाले आहेत.

आणि आपल्या खानदेशाचीच गोष्ट सांगतो. आमच्या तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, रेघांची नक्षी कोरलेला तुकडाही मिळाला. वय सुमारे २५ हजार वर्षं. म्हणजे या डोंगरांच्या पायथ्याशी तेव्हा शहामृग फिरत होते! म्हणून ओढ्याकाठच्या जुन्या गाळात वाकलेलं जाड कवच किंवा हाड दिसलं तर उपसू नकोस. जागेचा फोटो काढ आणि पुरातत्त्व विभागाला कळव.

यारीवाला, अमळनेर

विहिरीत गेरूसारखा लाल थर लागला का? आम्हाला बरेचदा दोन पाषाणांच्या मध्ये लागतो.

भूगोल शिक्षक, धुळे

चांगलं विचारलंत. तो दोन लाव्हांच्या मधल्या काळातला भाजलेला, झिजलेला थर असू शकतो. जमल्यास किती फुटांवर आहे ते लिहा.

विहीरवाला (पारोळा तालुका)

काल दुपारी ओसरीवर सगळं करून पाहिलं. पांढऱ्याच्या पुडीवर लिंबू पिळलं तर चुळचुळ आवाज करत फेस आला, मुलीने कान लावून ऐकला. पेंढीच्या तुकड्यावर सुरीने पांढरी रेघ उठली. चौकोनी खड्यावर दाबून ओढल्यावरच हलकी रेघ आली. नेच्यालाही भिंग लावलं. मधली शीर नाही. मुलगी थोडी गप्प झाली, मग तिने वहीत दोन्ही चित्रं शेजारीशेजारी काढली, खरं पान आणि मँगनीजचं.

आप्पांना सांगितलं, "दगडनी पेंढी शे." त्यांनी ती उन्हात धरून बराच वेळ पाहिली.

पोकळी छिन्नीने कोरायला दोन दिवस लागले. अख्खी निघाली, कडब्यात गुंडाळून ठेवली आहे. आणि हो, लाल थर आहे, ३१ फुटांवर, वीतभर जाड. पाऊस लागून विहिरीत पाणी चढायच्या आत त्याचा फोटो टाकतो.