मदत हवी आहे: फळीला उतार देऊनही गाडी हळूच पळते

नमस्कार मंडळी. साताऱ्यात नववीच्या मुलांना न्यूटनचा दुसरा नियम करून दाखवायचाय. 500 ग्रॅमची गाडी, फळीच्या टोकाला कप्पी, दोऱ्याला 50 ग्रॅमचं वजन. हिशेबाने 1 मीटरला दीड सेकंद लागायला हवा (एकूण वस्तुमान 550 धरलंय, 500 नव्हे). गाडी घेते 1.6, आणि तेही मोबाइलच्या स्लो मोशनवर मोजलेलं, त्यामुळे घड्याळावर ढकलता येत नाही.

वजन न लावता हलका धक्का दिला की गाडी एकसारख्या वेगाने जाते, एवढा उतार फळीला दिलाय. म्हणजे गाडीचं घर्षण मिटलं. कप्पीला शिलाई मशीनचं तेलही घातलं. नवं उपकरण घेणं शक्य नाही.

उरलेला फरक चाकं नि कप्पी फिरवण्यात जात असेल, तर दोघांचा वाटा घरच्या सामानात वेगवेगळा कसा काढायचा?