अर्धशिशीची रोजची गोळी : विश्रामबाग, सांगली येथील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

बी-२०३ : नमस्कार. महिन्यातून आठ-नऊ दिवस माझे अर्धे डोके ठणकते, उलट्या होतात आणि दिवसाढवळ्या पडदे ओढून पडून राहावे लागते. डॉक्टरांनी आता फ्लुनारिझिनची गोळी, डोके दुखो वा न दुखो, रोज रात्री घ्यायला सांगितली आहे. सहा दिवस झाले, गुण काहीच नाही. सवय लागण्याआधी बंद करावी का?

ए-४०१ : वहिनी, इतक्यात बंद करू नका. ही गोळी उठलेले डोके थांबवत नाही. ते वारंवार उठू नये म्हणून ती असते आणि योग्य मात्रेवर साधारण दोन महिने घेतल्याशिवाय तिचा गुण-अवगुण ठरवता येत नाही. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तरी ते यश मानतात. मी मात्र अशीच गोळी दहा दिवसांत सोडून एक दिवसाआड वेदनाशामक घेऊ लागले आणि तीन-चार महिन्यांत डोके रोजच दुखू लागले. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस आणि ट्रिप्टान (उठलेली अर्धशिशी थांबवणारी गोळी) किंवा एकाहून अधिक औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा त्याहून जास्त दिवस, असे तीन महिन्यांवर चालले, तर औषधच दुखण्याचे कारण बनते, हे मला तेव्हा कळले. खरी सवय ती.

सी-१०२ : माझ्याकडे अर्धशिशीसाठीच रोज घ्यायच्या प्रोप्रानोलॉलची पाकिटे उरली आहेत. वॉचमनकडे ठेवू का?

ए-४०१ : कृपया नको. वहिनींना दमा आहे आणि दम्यात ती गोळी धोकादायक ठरू शकते. अर्धशिशी टाळण्यासाठीच दिली जाणारी टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही औषधे गर्भाला अपाय करू शकतात, त्यामुळे एकीची गोळी दुसरीला चालेलच असे नाही. फ्लुनारिझिननेही झोप येते, वजन वाढते आणि कुणाकुणाचे मन खिन्न होते. तसे वाटले, तर डॉक्टरांना लगेच कळवा. दुखण्याची तारीख आणि त्या दिवशी घेतलेली गोळी मात्र लिहून ठेवत जा.

बी-२०३ : दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे लिहितेच, आता शेजारी लाल फुलीही करेन. आताच मागची पाने चाळली, तर गेल्या तिन्ही संकष्ट्यांना मी आडवी होते. उपाशी राहिल्यानेही डोके उठते का, हे शनिवारी डॉक्टरांना विचारते.